सूपभर कोंड्याची लेक

चिचटोल्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात डांबराचा डबा होता, आणि गावाने ठरवून टाकलं की हा माणूस काहीतरी न्यायला आला आहे. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. सरकारी माणूस गावात काही द्यायला येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९५४ सालच्या चिचटोल्यात एक चक्कर मारायला हवी होती.

मी तेव्हा भानापूर नगरपालिकेत मोहरीर होतो, म्हणजे लिहिणारा कारकून. वय चोवीस, मॅट्रिक, अक्षर सुरेख आणि डोक्यात हवा. भानापूर हे मूलच्या वाटेवरचं धानाच्या गिरण्यांचं गाव. बाजार होता, दवाखाना होता, कंदिलाचे अकरा खांब होते. आणि तलावाच्या पाळीपलीकडे चिचटोला. साठेक घरं, कोणी धान पिकवणारे, कोणी तलावातल्या मासोळीवर जगणारे. नागपूरच्या गॅझेटात दोन ओळी छापून आल्या आणि चिचटोला हे गाव राहिलंच नाही. ते आमच्या नगरपालिकेचा वॉर्ड नंबर सात झालं. गावाला कोणी विचारलं नव्हतं. कोतवाल सुकलूने डफडं बडवून दवंडी दिली, आणि दवंडी संपल्यावर लोकांनी त्यालाच विचारलं, "म्हंजे आमी आता कुठी राह्यतो गा?"

लोक नगरपालिकेला 'कमेटी' म्हणत. कमेटी तलाव घेईल, कमेटी बकऱ्या मोजेल, कमेटी मेलेल्या माणसावर पट्टी लावेल, असं रोज नवं काहीतरी निघे. यातलं अर्धं खोटं होतं. पण उरलेलं अर्धं खरं होत होतं, त्याला काय करणार? हद्दीवर जकातीचा नाका बसला तेव्हा इसरू नावाच्या शेतकऱ्याचं धान नाकेदाराने अडवलं. धान त्याच्याच शेतातलं, चाललं होतं त्याच्याच घरी. फक्त शेत हद्दीच्या बाहेर पडलं होतं आणि घर आत. इसरू दिवसभर बैलबंडीवर बसून राहिला. संध्याकाळी नाकेदारालाच कंटाळा आला आणि त्याने बंडी सोडली.

माझं काम घरांना नंबर टाकायचं आणि माणसं लिहून घ्यायचं. मी डांबराने भिंतीवर नंबर काढावा, आणि दुसऱ्या दिवशी बायांनी भिंत शेणामातीने सारवून मोकळं व्हावं. विचारलं तर म्हणत, "सन हाये जी." कुठला सण, ते पंचांगालाही माहीत नव्हतं. तीन वेळा मी तेच नंबर टाकले. चौथ्यांदा मी ओरडलो, तेव्हा मागून आवाज आला, "बाबू, मोजलेलं टिकत नाई. काऊन मोजता?"

ती गुणाबाई. पांढरे केस, आखूड लुगडं, हात मात्र पुरुषासारखे रुंद. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ झालं नव्हतं. तलावात झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, धरायची आणि गावच्या बाळंतपणांना जायची. चिचटोल्यात चाळिशीच्या आतलं असं एकही माणूस नव्हतं ज्याला पहिल्यांदा तिच्या हातांनी धरलं नव्हतं. त्यामुळे गावात तिचा शब्द पाटलापेक्षा चाले, आणि तिचा शब्द असा होता, की या डांबरवाल्याला काही सांगू नका. मी ज्या घरी जाई त्या घराच्या ओट्यावर ती आधीच येऊन बसलेली. मी विचारावं, "घरात माणसं किती?" घरधन्याने तिच्याकडे पाहावं. तिने पान चघळत राहावं. मग उत्तर यायचं, "असतीन चारपाच."

अडतिसाव्या घरी इसरू राहायचा, तोच बंडीवाला. त्याची बायको रंभा दारात उभी होती आणि तिच्या कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. नाक डिट्टो रंभाचं, डोळे रंभाचे, आणि पोर तिच्या गळ्याला गोचिडीसारखी चिकटलेली.

"ही तुमची मुलगी?" मी लिहिता लिहिता विचारलं. खरं तर विचारायचीही गरज नव्हती.

"नाई जी," रंभा जमिनीकडे पाहून म्हणाली.

"मग कोणाची?"

"गुणाबाईची."

मी मान वर केली. ओट्यावरून गुणाबाई म्हणाली, "माही हाये. लिहा."

मी हसलो. साठी उलटलेली विधवा! मग हसू थांबलं आणि संशय शिरला. मी इसरूकडे पाहिलं, त्याने बैलाच्या शिंगाकडे पाहिलं. सुकलू कोतवालाला विचारलं तर तो चिंचेच्या झाडाला सांगितल्यासारखा म्हणाला, "तसंच हाये जी." चोवीस वर्षांच्या माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगायची आज लाज वाटते. पळवून आणलेली पोर असेल, कोणाचं पाप झाकलं असेल, किंवा सरळ सरळ माझी टिंगल चालली असेल. मला वाटलं, थांबा, तुम्हाला तुमचंच खोटं लिहून देतो. आणि मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: घर नंबर एकेचाळीस, गुणाबाई, विधवा. मुलगी कोंडाबाई, वय तीन.

खरा प्रकार मला दोनेक महिन्यांनी कळला. तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखाच नको तो संशय घ्याल.

रंभाची आधीची चार लेकरं गेली होती. एक दुसऱ्या दिवशी, दोन सहा महिन्यांच्या आत, एक चांगलं रांगायला लागल्यावर. पाचवी ही मुलगी झाली तेव्हा गावाने जुनी रीत केली. सहाव्या दिवशी पोरीला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. गुणाबाई तिकडून आल्यासारखी आली आणि मोठ्याने म्हणाली, "हे कोनाचं लेकरू पडलं व?" रंभाने सांगितलं, "मले नाई माहीत." मग गुणाबाईने पोर उचलली, सूपभर कोंडा रंभाच्या पदरात ओतला आणि म्हणाली, "हे लेकरू म्या घेतलं. तू निसती पाज याले." पोरीचं नाव कोंडाबाई. त्या दिवसापासून ती गुणाबाईची. मृत्यू रंभाच्या दाराशी आला तरी त्याला तिथे रंभाचं काही सापडणार नाही, असा त्यातला हिशोब. पाच वर्षं पुरी झाली, पोरीचं जावळ निघालं, की रंभाने नारळ-लुगडं देऊन तिला परत विकत घ्यायची. तोवर आईने किंवा बापाने 'माझी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. घेणारणीनेही 'माझी नाही' म्हणायचं नाही. यातल्या एकाची जरी जीभ घसरली तरी सौदा मोडला, आणि मग पोरीचं काय होईल ते चार वेळा झालंच होतं.

रंभाने तीन वर्षं ते पाळलं होतं. पोर पडली, रक्त आलं, तरी ती म्हणे, "गुणाबाईचं लेकरू पडलं जी." आणि अशा घरी मी दौत घेऊन गेलो होतो.

महिनाभराने चावडीच्या भिंतीवर यादी लागली. गावात वाचता येणारं कोणी नव्हतं म्हणून मीच ती मोठ्याने वाचली, आणि मोठ्या तोऱ्यात वाचली. शेवटी बजावून सांगितलं, "कोणाची काही हरकत असेल तर तीस दिवसांत कचेरीत येऊन सांगा. तीस दिवसांनंतर ही यादी पक्की. मग ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही."

रंभा गर्दीच्या मागे उभी होती. घर नंबर एकेचाळीस वाचलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. सुकलूने पाहिलं आणि मला पुढे सांगितलं, "पांढरी फटक पडली बाबू ते."

ती उगाच घाबरली नव्हती. तीनच वर्षांपूर्वी मालगुजारांची जमीनदारी गेली, तेव्हा इसरूची तलावाखालची बांधी गेली होती. धानाचं ते सोन्यासारखं वावर इसरूच्या बापाने वीस वर्षं चिखललं होतं, रोवलं होतं, कापलं होतं. गावातलं लहान पोरही त्याला इसरूची बांधी म्हणे. कागदावर मात्र मालगुजाराच्या कोणा भाच्याचं नाव निघालं. इसरू साऱ्या गावाला साक्षीला घेऊन गेला. साहेबाने कागद पाहिला आणि इसरूला घरी पाठवलं. तेव्हापासून रंभाला एक गोष्ट पक्की कळली होती: सारं गाव काय म्हणतं त्याला अर्थ नाही, कागद ज्याचा त्याचं वावर. आणि आता कागद म्हणत होता की कोंडाबाई गुणाबाईची.

तिथून रंभाची नजर फिरली. गुणाबाई रोज संध्याकाळी भाजलेले झिंगे पळसाच्या पानात बांधून पोरीसाठी आणायची. रंभा ते घ्यायची आणि मागच्या दाराने कोंबड्यांना टाकायची. पोर 'गुणामाय' म्हणत पळाली की तिला ओढून घरात घालायची. गावातल्या चार बायाही तेल ओतायला होत्याच. "तिले आपलं नाई ना लेकरू," एक म्हणे. "कागद झाला आता, कायले वापस देते?" दुसरी म्हणे. तीन वर्षांपूर्वी ज्या सौद्याला हे सगळं गाव साक्षी होतं, त्याच गावाला आता त्यात कावा दिसायला लागला.

आणि खरं सांगायचं तर गुणाबाईच्या मनात काहीच नव्हतं, असंही मी म्हणणार नाही. ती एक दिवस कचेरीत आली. दवाखान्याचे डॉक्टर गावोगावच्या सुइणींना शिकवून पितळेचा बिल्ला देणार होते. यादीत नाव असेल त्याच बाईला बिल्ला, आणि बिल्ला असेल तिनेच हद्दीत बाळंतपण करायचं. तिचं नाव यादीत आहे का, एवढंच तिला पाहायचं होतं. मी वाचून दाखवलं. "घर नंबर एकेचाळीस, गुणाबाई, विधवा. मुलगी कोंडाबाई."

ती जागची हलली नाही. म्हणाली, "आजून एकडाव वाचा ना बाबू."

मी वाचलं. तिने डोळे मिटून ऐकलं. बस, एवढंच. पण कचेरीत आलेल्या कोणीतरी ते पाहिलं आणि ती घरी पोचायच्या आत रंभाला कळलं, की गुणाबाई कागद पक्का करून आली.

सव्विसाव्या दिवशी रंभा आली. एकटीच, तळपत्या दुपारी, पोरीला घरी ठेवून. व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि बोलेना. पदराचा बोळा तोंडात. मी दोनदा विचारलं, चारदा विचारलं. मला काम होतं, डोकं तापलं होतं. "अहो बाई, हरकत आहे ना? मग सांगा की काय आहे ते! न बोलता काय लिहू मी?"

तिने पदर तोंडातून काढला. ओठ हलले. "ते पोट्टी..." म्हणाली आणि थांबली. घामाने तिचं तोंड भिजलं होतं. मला आजवर कळत नाही की तेव्हा मी गप्प का नाही बसलो. मी म्हणालो, "हं, पोट्टी. पुढे?"

"ते पोट्टी मा..."

मागून गुणाबाई धावत आली आणि तिने आपला रुंद हात रंभाच्या तोंडावर दाबला. कुठून कळलं तिला, कोण जाणे. पाळीवरून धावत आली होती, श्वास लागला होता. रंभाने तिच्या हाताला चावा घेतला. तरी तिने हात काढला नाही.

"बोलू नको," गुणाबाई म्हणाली. "दोन वर्स राह्यले व. बोलू नको."

रंभाने तोंड सोडवून घेतलं. "दोन वर्सानं तुमी म्हनान कागद दाखवा! बांधीचं तसंच झालं. तुमी आतापासूनच आयकून जाता, दोन-दोन डाव आयकून जाता. मले सांगतलं लोकायनं."

गुणाबाई यावर काहीच बोलली नाही. खोटं असतं तर ती भांडली असती. तिचं तोंड काही लहान नव्हतं. रंभा रडत तिथेच खाली बसली. सुकलू कचेरीत पोत्यावर बसला होता. त्याने मला बाजूला घेऊन तेव्हा सगळी रीत सांगितली, उकिरड्यापासून कोंड्यापर्यंत.  एक मिनिट आणखी असतं तर मी त्या बाईकडून तो शब्द काढून घेतला असता. त्या शब्दाने पोर मरते असं मला वाटत नाही. पण पुढे पोरीला साधी सर्दी झाली असती तरी रंभा वेडी झाली असती, हे मला दिसत होतं.

"मग मी गुपचूप खोडून टाकतो," मी म्हणालो. आतून बडे बाबू, म्हणजे आमचे मुख्य कारकून, खेकसले, "खोडून? सरकारी यादीत खाडाखोड? घरी बसायचंय का?"

गुणाबाईने विचारलं, "मंग नाव काढाचं त काय काय करता येते, बाबू?"

मी सांगितलं. नावापुढे तीनच शेरे मारता येतात. लग्न होऊन गेली, गाव सोडून गेली, किंवा मयत. शेरा मारून नावावर लाल रेघ ओढायची. कोंडाबाईपुढे यातलं काय लिहिणार? मयत लिहावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. आलं असेल तर कोणी बोललं नाही.

"आनं घरधनीनच मेली त?"

"मग त्या घरातलं लेकरू ज्या घरी जेवतं त्या घरात चढवायचं."

"तवा कोनाले काही बोला लागते?"

"नाही. कोतवालाने मयताची खबर द्यायची, झालं."

ती सुकलूकडे वळली. "सुकलू, दे खबर."

सुकलू उठून उभाच राहिला. "काय बोलता माय? जित्त्या मानसाची?"

"तू पायाकडून आल्ता. तुही माय मरून राह्यली होती. तवा म्या इचारलं का, कसं करू म्हनून? दे म्हनतो त दे."

मला तेव्हा समजलं ती काय करते आहे. मी तिला बसवलं. म्हणालो, गुणाबाई, यादीत मेलीस की बिल्ला मिळणार नाही. बिल्ला नाही तर बाळंतपण नाही. हद्दीत कोणाच्या घरी गेलीस तर कमेटी तुझ्यावर खटला भरेल. चाळीस वर्षांचं काम जाईल. माझ्या मनात होतं की ती घाबरेल. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बराच वेळ बसून राहिली. रंभाही रडायची थांबून तिच्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत अजून संशयच होता, हिचा यात काय डाव असेल म्हणून.

"लिहा," गुणाबाई म्हणाली.

"कशाने मेली लिहू?" मी टाक बुडवत विचारलं.

"तापानं लिहा. माहा मानूसबी तापानंच गेला."

सुकलूने खबर दिली. जिवंत बाईसमोर, तिच्याचकडे पाहत. मी शेरा मारला, दोन्ही नावांवर लाल रेघ ओढली, आणि अडतीस नंबरच्या घरात कोंडाबाईचं नाव चढवलं. नाते या रकान्याशी येऊन टाक थांबला. नियमाने तिथे 'सांभाळ' असं लिहायचं होतं. मी कोणाला काही विचारलं नाही. रंभाच्या नावाखाली लिहिलं, मुलगी. खोटी नोंद केल्याबद्दल माझी नोकरी गेली असती, आणि माझ्या आयुष्यात मी लिहिलेला तो सगळ्यात खरा शब्द होता. बडे बाबूंनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांनी कानावर हात ठेवले.

रंभाचा माझ्यावर विश्वास बसला नाही. का बसावा? तिने तीच ओळ आधी माझ्याकडून वाचून घेतली, दुसऱ्या दिवशी येऊन शिपायाकडून, आणि तिसऱ्या दिवशी भानापूरच्या शाळेच्या मास्तरांना हाताला धरून आणून. तिघांनी एकच वाचलं तेव्हा कुठे ती गप्प झाली. घरी जाताना ती पाळीवर गुणाबाईच्या झोपडीपुढे थांबली, असं सुकलू म्हणाला. आत गेली नाही. दुसऱ्या दिवशीपासून मात्र झिंगे कोंबड्यांना टाकणं बंद झालं.

इकडे मेलेल्या गुणाबाईने माझं जिणं हराम केलं. वॉर्ड सातमध्ये लेकरं जन्मायची काही थांबली नव्हती. दवाखान्याची नर्स बोलावली की बाया म्हणत, "आता कुठी, वेळ हाये आजून," आणि ती परत गेली की तासाभरात बाळ. जन्माची नोंद करायला मी गेलो तर बाळंतिणीच्या खोलीतून पान चघळल्याचा आवाज येई. मी विचारी, "बाळंतपण कोणी केलं?" घरधनी छातीवर हात ठेवून सांगे, "कोनी नाई जी. गुणाबाई होती, ते त मेली बिचारी." दोन वर्षांत चिचटोल्यात अकरा मुलं आपोआप जन्मली, अशी नगरपालिकेत माझ्या अक्षरात नोंद आहे. डॉक्टरांना संशय आला, अध्यक्षांना संशय आला, एकदा चौकशीला माणूस आला. साऱ्या गावाने ताकास तूर लागू दिली नाही. ज्या बायांनी तेल ओतलं होतं त्या सगळ्यांत मोठ्याने खोटं बोलल्या.

छप्पन साली आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. चिचटोल्याला त्याचं काही वाटलं नाही. त्यांना याची सवय झाली होती. धान कापून घरी आलं आणि कोंडाबाईचं जावळ निघालं. मला बोलावणं होतं. मी गेलो, डांबराशिवाय.

रंभाने नवं लुगडं, नारळ आणि कोंड्याने भरलेलं सूप पुढे ठेवलं. गुणाबाईने सूप आपल्या पदरात ओतून घेतलं आणि पोरीला तिच्याकडे ढकललं. आता रंभाने तो शब्द म्हणायचा होता. तिने तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. पाच वर्षं दाबून ठेवलेला शब्द. बिचारीला तो म्हणायची सवयच राहिली नव्हती. शेवटी इसरू म्हणाला, "म्हन ना व." तेव्हा ती म्हणाली, "माही," आणि मग थांबेचना. माही पोट्टी, माही पोट्टी, असं म्हणत तिने पोरीला इतकं आवळलं की पोर भोकाड पसरून 'गुणामाय' ओरडायला लागली. सगळे हसले. गुणाबाईही हसली. मग पदरातला कोंडा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून घराकडे गेली.

मी मनाशी एक बेत करून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी गुणाबाईला कचेरीत बोलावून घेतलं. मोठ्या खुशीत सांगितलं की आता मरून राहायचं काही कारण नाही. मयताचा शेरा मागे घेता येत नाही, पण बाहेरगावाहून राहायला आली म्हणून नवीन नोंद करता येते. बडे बाबू तयार आहेत. नवं पान, नवी ओळ. महिनाभरात बिल्लाही मिळेल, मी स्वतः डॉक्टरांशी बोललो आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं. "नव्या पानावर कोन कोन राहीन?"

"तूच. घर तुझं, तू एकटी."

"आनं जुनं पान? ते फाडता का?"

"फाडत नाहीत. राहतं तसंच."

"त्याच्यावर पोट्टीचं नाव दिसते का आजून?"

"दिसतं ना. वरून लाल रेघ आहे फक्त."

"म्या जित्ती झाली त?"

मी विचार केला. एकच बाई दोन पानांवर कशी ठेवणार? "मग जुनी ओळ रद्द करून तिच्यावर कोरा कागद चिकटवावा लागेल," मी म्हणालो.

ती म्हणाली, "राहू द्या बाबू. मेली त मेली."

"अगं, पण बिल्ला..."

"कुठी हाये थे? दाखवा."

मी यादी काढली, जुनं पान उघडलं, घर नंबर एकेचाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने माझं बोट बाजूला सारलं आणि त्या जागी आपलं ठेवलं.